आउटबोर्डचा पंखा कसा निवडायचा: आधी पिच बघा, धातूचं नंतर

आमच्या गटाची १६ फुटी फायबर बोट इगतपुरीच्या बाजूला एका धरणावर असते, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांना खाद्य न्यायला आणि मासळी काठावर आणायला. तिच्यावर ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन आहे, सेकंडहँड, कोकणातून आणलेलं, आणि पहिलं दीड वर्ष आम्ही ते चुकीच्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, चालवलं. खाद्याची २५ किलोची दहा पोती आणि तीन माणसं बसली की बोटीचं नाक आभाळात, मागे मोठी लाट, इंजिन नुसतं घुरघुरतंय, धूर काढतंय आणि पेट्रोल पितंय. आम्ही कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, एका मेकॅनिकने तर इंजिन उघडायला काढलं होतं, रिंगा गेल्यात म्हणाला. शेवटी समुद्रावर बरीच वर्षं बोट चालवलेले एक काका आले होते, त्यांनी एक फेरी मारली आणि उतरता उतरता म्हणाले, "इंजिनाला काही झालेलं नाही रे बाबा, पंखा जड आहे त्याला. आरपीएम किती येतो ते कधी बघितलंय का?" बघितलं नव्हतं, कारण आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात, ते दाखवणारा टॅकोमीटरच इंजिनावर नव्हता.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात गंगापूर, मुकणे, दारणा, वैतरणा अशी धरणं आहेत, बोटी वाढतायत, पण पंख्याबद्दल जी माहिती मिळते ती सगळी समुद्रावरची, आणि ती नाशिकला जशीच्या तशी लागू पडत नाही. का ते पुढे येईलच.

आधी पंख्यावरचे आकडे. पंख्याच्या मधल्या भागाच्या बाजूला किंवा पात्याच्या मुळाशी ११ ३/८ × १२ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा डायमीटर, म्हणजे पात्यांची टोकं जो गोल काढतात त्याची रुंदी, इंचात. दुसरा पिच. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल, तेही पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा स्क्रूसारखा आत शिरला असता तर. पाणी घट्ट नसतं म्हणून प्रत्यक्षात तो तेवढा जात नाही, जो फरक पडतो त्याला स्लिप म्हणतात. डायमीटरशी सहसा खेळायचं नाही, कंपनी पिचच्या हिशोबाने तो ठरवूनच देते, पिच कमी झाला की डायमीटर थोडा वाढतो. आपल्या हातात असतो तो पिच.

गाडीच्या भाषेत सांगायचं तर पिच म्हणजे गिअर, फक्त आउटबोर्डला पुढे जायला एकच गिअर असतो आणि तो पंखा बसवताना तुम्ही ठरवता. जास्त पिच म्हणजे टॉप गिअर. भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये कसारा घाट चढवायला घेतला तर जे होईल तेच जड पंख्यावर इंजिनाचं होतं, थ्रॉटल पूर्ण उघडलाय पण आरपीएम चढत नाही, पिस्टन तापतो, कार्बन साठतो, बेअरिंगवर मार बसतो. आणि हे लगेच कळत नाही, दोन-तीन सिझन जातात आणि मग इंजिन एकदम मोठा खर्च काढतं. उलट पिच फार कमी असेल तर इंजिन नुसतं ओरडत फिरतं, आरपीएम मर्यादेच्या वर जातो, ज्या इंजिनाला लिमिटर आहे ते अडखळायला लागतं.

आता मुख्य काम, आपला आरपीएम मोजणं. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला आरपीएम किती ते किती यायला हवा ते दिलेलं असतं. आमच्या टू-स्ट्रोकला ४५०० ते ५५०० आहे, बऱ्याच फोर-स्ट्रोकना ५००० ते ६००० असतं, पण अंदाजाने चालू नका, स्वतःच्या मॉडेलचा आकडा शोधा. टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर मिळतो, वायर गुंडाळली की आकडा दिसतो, वर किती तास इंजिन चाललं तेही मोजतो. त्यात एका फेऱ्याला किती स्पार्क हे सेटिंग असतं, ते टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकला वेगळं असू शकतं, चुकलं तर आकडा दुप्पट नाहीतर निम्मा दाखवेल.

टेस्ट सकाळी लवकर घ्या, वारा सुटायच्या आत. उन्हाळ्यात ११ नंतर धरणावर वारा धरतो आणि मग कोणताच आकडा खरा मानता येत नाही. टाकी भरलेली, माणसं आणि सामान रोजच्याइतकं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मोकळी बोट पळवून पंखा पास करणं ही सगळ्यात मोठी चूक, आम्हाला इंजिन देणाऱ्यानेही तेच केलं होतं, एकट्याने बोट पळवून दाखवली आणि आम्ही खूश. मोकळं पाणी बघून फुल थ्रॉटल द्या, आरपीएम एका ठिकाणी थांबला की आकडा बघा, दहा-पंधरा सेकंद पुरतात. मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड बघा. मग उलट दिशेने तेच करा आणि दोन्हीची सरासरी काढा. वहीत लिहा, तारीख, पोती किती, माणसं किती, आरपीएम, स्पीड. डोक्यात ठेवलेलं दोन दिवसांत बदलतं.

भरलेल्या बोटीला आकडा दिलेल्या रेंजच्या मधोमध किंवा वरच्या अर्ध्यात यायला हवा, आणि मोकळी असताना वरची मर्यादा ओलांडू नये. कमी येत असेल तर पिच उतरवा, जास्त येत असेल तर चढवा. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो, हा हिशोब बहुतेक ठिकाणी बरोबर बसतो.

आमचे आकडे देतो. १३ पिचवर भरलेली बोट, आरपीएम ४३५०, स्पीड ताशी २७ किलोमीटर. म्हणजे रेंजच्या खालच्या टोकालाही पोचत नव्हतो. एका ओळखीच्यांकडून ११ पिचचा पंखा उसना आणून लावला तर ४७०० आला. मग १० चा घेतला, ४९०० आला, मोकळ्या बोटीला ५३००. आणि स्पीड? भरलेल्या बोटीचा २९ झाला. पिच ३ इंच कमी करून बोट जास्त पळाली, कारण ती आता पाण्यावर उठायला लागली, आधी पाणी ढकलत चालली होती. पिंजऱ्यांच्या एका फेरीला सात लिटर जायचं ते साडेपाचच्या आसपास आलं. जास्त पिच म्हणजे जास्त स्पीड हे कागदावर खरं आहे, इंजिनाला तो पंखा फिरवायची ताकद असेल तरच.

स्लिप काढायचं सूत्रही लिहून ठेवा. आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशो गुणिले ६५६ ने भागा, ताशी किलोमीटर मिळतात. गिअर रेशो म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा होतो ते, पुस्तकात असतो, आमचा २.०० आहे. १३ पिचवर ४३५० ला कागदावर ४३ यायला हवे होते, आले २७, म्हणजे ३७ टक्के स्लिप, फार झाली. १० पिचवर ४९०० ला कागदावर ३७, आले २९, म्हणजे २२ टक्के. हलक्या पळणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के स्लिप नॉर्मल धरतात, ओझ्याच्या बोटीला थोडी जास्त चालते. ४० च्या आसपास दिसली तर पंखा चुकलाय, नाहीतर इंजिन फार उंच बसलंय, नाहीतर पंख्याच्या आतला रबरी बुश घसरतोय, त्यावर पुढे येतो.

आता नाशिकची गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत. हवा विरळ, इंजिनात ऑक्सिजन कमी, आणि साधं इंजिन दर ३०० मीटरला अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे ४० चं इंजिन इथे साडेसदतीसच्या आसपासचंच समजा, एप्रिल-मेच्या उन्हात आणखी थोडं कमी. पंखा मात्र तेवढाच जड राहतो. कोकणात किंवा मुंबईत ज्या पंख्यावर इंजिन बरोबर चालत होतं तोच घाट चढून वर आणला की जड होतो, म्हणून खाली १२ चालत असेल तर इथे ११ पासून सुरुवात करा. आमच्या इंजिनाबरोबर आलेला १३ चा पंखा तिकडे हलक्या बोटीवर चाललाही असेल, इथे खाद्याची पोती घेऊन त्याला जमणारच नव्हतं. माहिती देणारे हे सांगत नाहीत कारण ते किनाऱ्यावर बसलेले असतात, त्यांना घाटाचा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट पिच बदलायच्या आधी तपासा, इंजिनाची उंची. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर असावी. फार वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम ओरडतं आणि ढकल जाते. लोक त्यालाही कॅव्हिटेशन म्हणतात पण ती वेगळी गोष्ट, कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावर दाब इतका कमी होतो की पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते फुटताना धातू खातात. पात्याच्या पुढच्या धारेला खाच पडली असेल तर तिच्या मागे पृष्ठभाग खरखरीत, भाजल्यासारखा दिसतो, तो त्याचा मार.

आता धातू. बाजारात तीन प्रकार दिसतात, प्लास्टिकचा म्हणजे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा, ॲल्युमिनियमचा आणि स्टेनलेस स्टीलचा. मोठ्या मासेमारी ट्रॉलरचे ब्राँझचे पंखे वेगळे, ते आतल्या इंजिनाचे, त्यात जात नाही.

प्लास्टिकचा हलका, स्वस्त, छोट्या इंजिनाला ठीक. खडकावर आपटला की पातं तुटतं आणि गिअरबॉक्स वाचतो, काहींमध्ये एकेक पातं सुटं बदलता येतं, ही मोठी सोय. पण जोरात फिरताना पाती वाकतात, म्हणजे लिहिलेला पिच तेवढा मिळत नाही, त्यामुळे ओझ्याच्या बोटीला रोजचा म्हणून नको. स्पेअर म्हणून बोटीत टाकून ठेवायला मात्र उत्तम.

स्टेनलेसचा दिसायला भारी, त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि कोणी ना कोणी सांगतंच की स्टील लाव, बोट उडेल. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी मजबूत म्हणून पाती पातळ ठेवता येतात, पातळ पातं पाणी कमी रेटून जातं, जोरात वाकत नाही, धार टिकते, रेतीतही लवकर झिजत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्याचा फायदा दिसतो वेगवान बोटीवर, मोठ्या इंजिनावर. ताशी ३० किलोमीटरने पोती नेणाऱ्या बोटीला जो एखादा किलोमीटर मिळेल त्यासाठी तिप्पट-चौपट पैसे घालायचे का हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या धरणांवर नको, आणि कारण पैसे नाहीत, खडक आहे.

आपल्याकडे पाण्याखाली काळा खडक आहे, बुडालेल्या शेतांचे बांध आहेत, बाभळीची खोडं आहेत. चांदोरीला उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रातली मंदिरं उघडी पडतात ते सगळ्यांनी पाहिलंय, पावसाळ्यात त्याच्यावरूनच पाणी वाहत असतं. धरणात ऑगस्टला जिथे वीस फूट पाणी असतं तिथे मे मध्ये गुडघाभर असतं. ॲल्युमिनियमचा पंखा खडकावर आपटला की स्वतः वाकतो, पातं तुटतं, मार तिथे संपतो. स्टीलचा वाकत नाही, मग तो मार पुढे जातो, शाफ्टला आणि गिअरला. पंख्याच्या आत रबरी बुश असतो, तो अशा वेळी घसरावा म्हणूनच बसवलेला असतो आणि बऱ्याचदा वाचवतोही, पण दरवेळी नाही. वाकलेला शाफ्ट आणि तुटलेला गिअर म्हणजे खर्च हजारांत थांबत नाही. म्हणून दोन ॲल्युमिनियमचे पंखे घ्या, एक इंजिनावर, एक बोटीत. एका स्टीलच्या पंख्यापेक्षा हे दोन बहुधा स्वस्तच पडतील.

चार पात्यांचा पंखा ओझ्याच्या बोटीला खरंच उपयोगी आहे. मागची बाजू उचलतो, बोट लवकर पाण्यावर येते, वळताना पकड सुटत नाही, टॉप स्पीड थोडा जातो. तीन पात्यांवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंच कमी घ्यायचा. काही पंख्यांच्या पात्याची मागची कड किंचित आत वळवलेली असते, त्याला कप म्हणतात, असा पंखा लिहिलेल्यापेक्षा अर्धा ते एक इंच जास्त पिचसारखा वागतो, हे लक्षात ठेवून घ्या.

पुरात बचावासाठी बोट वापरणाऱ्यांचं गणित अजून वेगळं. नाशिकच्या गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की गोदावरीत काय काय वाहत येतं ते नाशिककराला सांगायला नको. तिथे स्पीडपेक्षा कमी वेगात ताकद आणि ताबा हवा, म्हणून पिच कमीच ठेवायचा, आणि पाण्यात माणसं असतील तर पंख्याभोवती गार्ड हवाच. गार्डने बोट जड होते, तेही धरून पिच अजून एक इंच खाली जाऊ शकतो, गार्ड लावून परत आरपीएम मोजा.

बदलायचं काम तसं सोपं आहे पण घाई नको. किल स्विचची दोरी काढा, प्लगच्या कॅपा काढून ठेवा, इंजिन न्यूट्रलला. एक लाकडी ठोकळा पातं आणि वरच्या प्लेटच्या मध्ये अडकवा म्हणजे पंखा फिरणार नाही, हाताने पातं धरून नट सोडवू नका, बोटं कापतात. स्प्लिट पिन सरळ करून काढा, नट, वॉशर, मग पंखा. जे ज्या क्रमाने निघालं ते त्याच क्रमाने एका फडक्यावर मांडा, किंवा मोबाईलवर फोटो काढा. पंख्याच्या मागे शाफ्टवर एक जाड थ्रस्ट वॉशर असतो, तो कधी पंख्याला चिकटून निघतो आणि पाण्यात पडतो, तो विसरला तर पंखा गिअरबॉक्सला घासतो. शाफ्टच्या खाचा पुसा, मरीन ग्रीस चोपडा, साधं ग्रीस पाण्यात धुऊन जातं आणि पुढच्या वेळी पंखा निघता निघत नाही. नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला कसा, पिनचं भोक जुळलं नाही तर नट अजून थोडा कसून जुळवा, ढिला करून नाही. पिन दरवेळी नवीन, स्टेनलेसची. छोट्या इंजिनात बुशाऐवजी शिअर पिन असते, तिच्या दोन-तीन जास्तीच्या कायम बोटीत ठेवा, आणि तिच्याजागी खिळा घालू नका. पिन मऊ असते ती तुटण्यासाठीच, खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतो.

बुश घसरतोय का ते बघायची सोपी युक्ती त्या काकांनीच दाखवली. पंखा काढला की आतल्या बुशाची नळी आणि बाहेरचा धातू या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या पेंटने ओढायची. परत बसवून एक फुल थ्रॉटल फेरी मारायची, आणि काढून बघायचं. रेघ सरळ असेल तर बुश चांगला, दोन तुकडे होऊन सरकली असेल तर बुश गेला. आमच्या जुन्या १३ च्या पंख्यावर ती रेघ बोटभर सरकली होती, म्हणजे जड पंखा आणि वर घसरणारा बुश, दोन्ही एकदम. बुश घसरला की लक्षण असं, हळू चालताना सगळं ठीक, थ्रॉटल वाढवला की आरपीएम चढतो आणि बोट जागची हलत नाही. अशा वेळी अगदी हळू चालवत काठ गाठता येतो.

पात्याला छोट्या खाचा पडल्या तर बारीक कानशीने घासून काढा, तिन्ही पात्यांवर सारखंच, आणि धारेवरून अंगठा हळूच फिरवून बघा, अडकला नाही पाहिजे. पातं वाकलं किंवा तुकडा गेला तर सातपूर-अंबडला आरगॉन वेल्डिंगवाले आहेत, चांगलं काम करतात, पण वेल्डिंग येणं आणि पंखा येणं वेगळं. आम्ही एकदा एका ठिकाणी वेल्ड करून आणला, दिसायला नव्यासारखा, लावला तर मागची फळी थरथरायला लागली, एका पात्याचा कोन बदलला होता. तेव्हा दुरुस्तीनंतर पंखा आडव्या गुळगुळीत दांड्यावर मोकळा फिरवून बघा, एकच पातं सारखं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. कोनही तपासा, पंखा फरशीवर आडवा ठेवून प्रत्येक पात्याची धार जमिनीपासून किती उंच ते मध्यापासून सारख्याच अंतरावर पट्टीने मोजा, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. थरथर सुरू असलेला पंखा चालवत राहिलात तर गिअरबॉक्समध्ये पाणी शिरू न देणारं शाफ्टचं सील जातं.

सीलचा दुसरा शत्रू म्हणजे जाळ्याचा नायलॉन धागा. तो पंख्यामागे शाफ्टला गुंडाळतो, आत आत जातो, वितळतो आणि सील कापतो. आपल्या धरणांत सुटलेली जाळी भरपूर आहेत, पानवेली आहेत, म्हणून दर महिन्याला पंखा काढून मागे बघा, काही दिसलं नाही तरी. मग गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू जरा सैल करून चार थेंब ऑइल बोटावर घ्या. स्वच्छ असेल तर कसून टाका, दुधासारखं पांढरट असेल तर पाणी आत गेलंय, बोट पाण्यात घालू नका, सील बदलेपर्यंत नाही. गिअर खराब होतील हे तर आहेच, पण जिथून पाणी आत जातं तिथूनच ऑइल बाहेर येतं, आणि गंगापूर, मुकणेचं पाणी आपल्याच घरच्या नळाला येतं.